माळ्यावरच्या पेंढ्याचं दुखणं

ज्याच्या घरात भाताचा पेंढा माळ्यावर भरलेला आहे त्यानं हे आधी वाचावं. बाकीच्यांनी सवडीनं वाचलं तरी चालेल.

माझी शाळा दुसरीत सुटली. माझा मुलगा शंकर म्हणाला, आबा, तुम्ही सांगत जा, मी लिहून काढतो. त्याचं अक्षर चांगलं आहे, रेल्वेत त्याला अक्षराचाच पगार मिळतो. पण दुखणं मी काढलं, तर ते त्याच्या अक्षरात कशाला? म्हणून पाटी सुटल्यावर इतक्या वर्षांनी मीच लिहायला बसलो. कुठं चुकलं असेल तर अक्षर चुकलं असेल, सांगितलेलं खोटं नाही.

रीत मोडली ती अशी

आमचं घर वळवणला. खालची खाचरं धरणाच्या पाण्यात गेली, वरची राहिली. तेवढ्यावर घर चालत नाही, म्हणून दर वैशाखात मी खंडाळ्याच्या बंगल्यांना तट्टे बांधायला जातो. आमच्याकडं घाटावरचा पाऊस उभा पडत नाही, आडवा येतो, आणि चार महिने भिंतींना झोडपतो. म्हणून पावसाच्या अंगाला बांबूच्या कामट्या आणि गवत यांची दुसरी भिंत बांधायची. तोच तट्टा. मी बांधलेल्या तट्ट्यातून पाणी सोडा, वारासुद्धा आत जात नाही, असं खंडाळ्यातले माळी म्हणत. मला ते ऐकायला फार आवडायचं. एक माळी तर म्हणायचा, आबा, तुम्ही घर बांधता का कणगी लिंपता? बंद बंगल्यात राहून तो श्रावणापासून खोकत असे. मी म्हणायचो, बिड्या कमी ओढ.

दिवाळी झाली की तट्टे सोडायचे, घराला ऊनवारा लावायचा, ही रीत आहे. लोकांचे तट्टे मी सोडतो. दुखणं आलं त्या साली माझ्या घरचे सोडले नाहीत.

झालं असं की कापणी झाली, भारे खळ्यावर आले, आणि कार्तिकात पाऊस परत आला. दोन दिवस धरून पडला. सगळ्यांचाच पेंढा भिजला. बाकीच्यांनी झोडणी झाल्यावर तो पसरला, उलटापालटा केला, आठ-दहा दिवस थांबले. मला खंडाळ्याला जायची घाई होती, आणि गावात सगळ्यांत आधी खळं मोकळं करायची माझी सवय होती. ती सवय म्हणजे दुसरं काही नाही, मिरवणंच. मी दोन उन्हं दाखवली आणि पेंढा गोठ्यावरच्या माळ्यावर चढवला. वर दव लागू नये म्हणून तट्टे तसेच ठेवले.

आमच्या शेजारच्या भाऊनं माळ्यावर चढून पेंढ्यात हात घातला आणि म्हणाला, "आबा, आतनं गरम लागतोय. खाली काढा."

मी म्हणालो, "माझा पेंढा हाय. थंडीत माझ्या बैलांस्नी ऊब देतोय."

तो बिचारा खाली उतरला. मला त्या वेळी वाटलं, जिंकलो.

हिवताप नव्हे

मार्गशीर्षात थंडी-ताप सुरू झाला. रोज सकाळी मी माळ्यावर जाऊन बैलांसाठी पेंढ्या ओढायचो. पेंढी ओढली की पांढरा धुरळा उडायचा, पिठाच्या गिरणीत उडतो तसा. दिवसभर काही नाही. दिवेलागणीला अंगात हुडहुडी भरायची, छाती आवळल्यासारखी व्हायची, कोरडा खोकला यायचा. सकाळपर्यंत निम्मं उतरायचं. मी म्हटलं हिवताप. लोणावळ्याच्या टपाल कचेरीत तेव्हा क्विनाइनच्या पुड्या विकत मिळत, त्या आणल्या. आमच्या घरातल्यांनी, म्हणजे माझी नात चिमी हिच्या आजीनं, काडेचिराइताचा काढा दिला. तो इतका कडू की ताप त्याला भिऊन जावा, पण गेला नाही.

पौषात मी वाळलो. कोपरी अंगावर लोंबायला लागली. गोठ्यापासून विहिरीपर्यंत जायचं तर मध्ये एकदा टेकावं लागे. गावात कुणी तोंडावर बोललं नाही, पण ओट्यावर बसलेली माणसं मी आलो की जरा सरकून बसायला लागली. जागा देत होते असं नाही. मला कळत होतं. शंकर रोज म्हणायचा डॉक्टरकडं चला. मी म्हणायचो, तुझ्या बापाला अजून दोन बैल हाकता येतात.

चिमी म्हणजे शंकरची मुलगी. तेव्हा तीन वर्षांची होती. माझ्याजवळच झोपायची. माझ्या पाठीला पाठ लावल्याशिवाय तिला झोप नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही नसे. एका संध्याकाळी ती माझ्याकडं पळत येत होती आणि सुनेनं तिचा दंड धरून मागं ओढलं. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. चुलीकडं तोंड करून उभी राहिली, पण दंड सोडला नाही.

मला राग आला. मग वाटलं, तिचं काय चुकलं? शेजारच्या गावात एका घरातली तीन माणसं क्षयानं गेली होती, ती तिच्या माहेरची. त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी उठून माझी घोंगडी उचलली आणि माळ्यावर गेलो. म्हणालो, आजपासून मी वर. चिमी पडवीत खेळते, मग मी पडवीत नको. ओट्यावर पण नको.

चिमीची आजी म्हणाली, वर पेंढा आहे, धूळ आहे, वाऱ्याला वाट नाही. मी म्हणालो, म्हणूनच तर, माझा वारा पोरीला लागायला नको.

चिमी शिडीखाली यायची आणि हाका मारायची. मी वरून ओरडायचो, "लांब हो. आबाजवळ यायचं न्हाई. लांब." पहिले दोन-तीन दिवस ती रडली. मग शिडीपासून चार हातांवर उभी राहायला शिकली. मीच शिकवलं तिला.

आणि पेंढा मऊ होता, उबदार होता. मी त्याच्यावरच निजायचो. दुखणं दुप्पट झालं.

थुंकीची बाटली

माघात शंकरनं रजा काढली, गाडी जुंपली आणि मला न विचारता मला गाडीत घातलं. लोणावळ्याच्या डॉक्टरचं वय शंकरएवढंच. त्यानं पाठीवर बोटं वाजवली, नळी लावली, श्वास घ्या, सोडा, घ्या, सोडा. शेवटी म्हणाला, ठेवून घ्यावं लागेल.

मी सरळच विचारलं, "क्षय हाय का?"

तो म्हणाला, "आबा, आज मी हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. तीन वेळा थुंकी तपासेन. मग सांगेन."

झाकणाची एक बाटली हातात दिली. माणसाच्या आयुष्याचा निकाल असा बाटलीत थुंकून द्यायचा हे मला फार अपमानाचं वाटलं. पण दिली.

वॉर्ड म्हणजे लांब खोली, दोन्ही अंगांना खिडक्या, आणि खिडक्या मिटायच्या नाहीत असा डॉक्टरचा हुकूम. माघाची थंडी, घाटाकडून येणारा वारा. मी उठून खिडकी लावायचो. तिथली मावशी येऊन उघडायची. मी लावायचो, ती उघडायची. मी तिला म्हणालो, दोन दिवस द्या, सगळ्या खिडक्यांना फुकट तट्टे बांधून देतो. ती म्हणाली, "आबा, तुमचं तट्टं खंडाळ्याला न्या. हितं वारा नोकरीला हाय."

सगळा वॉर्ड हसला. मी भिंतीकडं तोंड करून झोपलो. पण तिसऱ्या दिवशी दिवेलागण झाली आणि हुडहुडी आलीच नाही. मी वाट बघत बसलो होतो, पाव्हणा यायचा राहिला तर बघतात तशी. पाचव्या दिवशी एक अख्खी नाचणीची भाकर खाल्ली. औषध म्हणाल तर एक लाल पाणी होतं, त्यात काही राम नव्हता हे डॉक्टरनंच मला नंतर सांगितलं.

चिमीची आजी रोज वळवणहून चालत यायची. भाकरीचं फडकं सोडायची आणि चिमीच्या गोष्टी सांगायची. चिमीनं बैलाला टिळा लावला. चिमी भाताच्या तुसात बसून अंगभर खाजवत बसली. मी जेवत असताना ती चिमीचं सगळं सांगायची, आणि माझ्या तब्येतीचं काही विचारायची नाही. माझ्या ताटाकडं बघायची, तेवढंच. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला असंच विचारलं आहे.

तिन्ही थुंक्या स्वच्छ निघाल्या. डॉक्टर म्हणाला, क्षयाचे जंतू दिसले नाहीत. ताप नाही, वजन वाढतं आहे, घरी जा.

आता इथं मी चुकलो, आणि वाचणाऱ्यानं चुकू नये. मला वाटलं, तपासायच्या काचेला दिसलं नाही म्हणजे नाहीच असं कशावरून? डॉक्टर पोरसवदा. चिमीच्या जिवाला मी त्या काचेच्या भरवशावर सोडणार नव्हतो. सगळे ओट्यावर घोंगडी घालून वाट बघत होते. मी कुणाचं ऐकलं नाही. शिडी चढलो आणि माळ्यावर जाऊन निजलो.

दिवेलागणीला असा दम लागला की मला बोलता येईना. ओठ निळे झाले असं शंकर सांगतो. गाडी परत जुंपली.

पदरातली मूठ

परत तोच वॉर्ड, तीच खाट, त्याच उघड्या खिडक्या. दोन दिवसांत मी परत उठून बसलो. डॉक्टर माझ्या खाटेपाशी उभा राहून कपाळ चोळत होता. चिमीची आजी कोपऱ्यात डोक्यावर पदर घेऊन बसलेली. परक्या पुरुषाशी ती आजवर मान वर करून बोललेली नव्हती. ती उठली आणि म्हणाली,

"दागतरसायेब, ह्यास्नी हितं बरं वाटतंय आन् घरी बिघडतंय. दोन खेपा बगितलं मी. आजार घरात हाय, माणसात न्हाई."

मी म्हणालो, तू गप बस. डॉक्टर म्हणाला, आबा, तुम्ही गप बसा. मला आजवर कुणी तसं म्हटलं नव्हतं.

त्यानं तिला विचारलं, घरात कुठं झोपतात, चूल कुठं, खिडकी आहे का. तिनं सगळं सांगितलं. मग पदराची गाठ सोडली. आत माळ्यावरच्या पेंढ्याची एक मूठ होती. घरून निघतानाच बांधून आणलेली. तिनं ती मूठ खिडकीशी नेऊन जराशी झटकली. उन्हाच्या पट्ट्यात पांढरा धूर निघाला, आणि वारा आत येत होता त्यामुळं तो माझ्याकडं आला. मला खोकल्याची जी उबळ आली ती थांबेना. मावशीनं मला पाणी पाजलं. डॉक्टर त्या मुठीकडं बघत होता.

"हे कधीपासून तुमच्या ध्यानात आलं?" त्यानं तिला विचारलं.

"पौषातच. पर सांगायचं कुणाला? आमचं ह्ये म्हंत्यात, माझा पेंढा कोरडा हाय."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला आपल्या खोलीत नेलं. टेबलावर पितळी दुर्बीण होती, खाली बघायची. एक डोळा मिटा, म्हणाला. आधी नुसता उजेड दिसला. मग दिसलं. बारीक बारीक दोरे, एकमेकांत गुंतलेले, आणि काही दोऱ्यांच्या शेंड्याला मण्यांच्या माळा. मी म्हणालो, ह्या तर लोंब्या आहेत.

"लोंब्याच," डॉक्टर म्हणाला. "बुरशी आहे ती. ओला पेंढा, ऊब, आणि कोंडलेली हवा. आबा, ही शेती तुमच्या माळ्यावर पिकली आणि तिचं बी तुम्ही रोज छातीत पेरलंत."

मी विचारलं, ह्या दुखण्याला नाव काय? तो म्हणाला, माझ्या पुस्तकात नाव नाही. पण पुण्यात धान्याच्या कोठारात काम करणारे हमाल असेच खोकताना मी पाहिले आहेत. मग त्यानं सांगितलं की रिकामं घर असं काही नसतंच. भिंतीवर, छपरात, अंथरुणात डोळ्यांना न दिसणारी वस्ती असतेच, ती बहुतेक निरुपद्रवी. वारा आणि ऊन असलं की तिची संख्या बेताची राहते. घर कोंडलं आणि ओलं राहिलं की ती माजते.

मला एकदम खंडाळ्याच्या त्या खोकणाऱ्या माळीबुवाची आठवण झाली. मी त्याला बिड्यांवरून बोललो होतो.

मग मी सगळ्यांत महत्त्वाचं विचारलं. "ह्ये माझ्यापास्नं पोरीला लागतंय का?"

"तुमच्यापासून कधीच लागणार नाही," तो म्हणाला. "पेंढ्यापासून लागू शकतं. पोरीला जवळ घ्या, पेंढ्याला लांब करा."



पेंढा खाली आला

डॉक्टरनं सांगितलं तसं झालं. मी घराजवळ जायचं नाही. शंकरनं आणि भाऊनं तोंडाला ओली फडकी बांधली, पेंढ्यावर पाणी शिंपडलं म्हणजे धुरळा उडणार नाही, आणि सगळा पेंढा खाली ओढून लांबच्या खाचरात खतासाठी टाकला. तट्टे सोडले. माळा झाडला नाही, पाण्यानं पुसला. कौलं दोन ठिकाणी काढून ऊन आत घेतलं. बैलांसाठी भाऊनं आपला पेंढा दिला, कडकडीत वाळलेला.

मी त्या दिवसापुरता गाडीतून येऊन लांब आंब्याखाली बसून बघत होतो. येणारा-जाणारा विचारायचा, आबा, चांगला पेंढा का फेकताय? पहिल्या दोघांना मी काहीबाही सांगितलं. तिसऱ्याला म्हणालो, "चांगला न्हाई. मी ओला भरला. माझी चूक." हे बोलायला दम लागण्यापेक्षा जास्त त्रास झाला. भाऊ ऐकत होता. ओल्या पेंढ्याचा भारा टाकून परत जाताना मला तंबाखू देऊन गेला.

चिमीच्या आजीला मी म्हणालो, तुला कळलं होतं तर तू शिडी का काढून टाकली नाहीस? ती म्हणाली, काढली असती तर तुम्ही खांबावरून चढला असता. हे खरं आहे.

आता मी काय करतो ते लिहितो, कारण लिहायचं कारणच ते. पेंढा हातात मोडून आवाज आला तरच आत घेतो. आत हात घालून ऊब लागली तर परत खळ्यावर. शक्यतो बाहेर चौथऱ्यावरच रचतो. तट्टा बांधताना वर वळचणीखाली एक वीत जागा सोडतो. बंगलेवाले कुरकुर करतात, म्हणतात पूर्वी असं नव्हतं. मी म्हणतो, पटत नसेल तर दुसरा माणूस बघा. अजून तरी कुणी बघितला नाही. संध्याकाळी थंडीताप आणि खोकला, आणि घराबाहेर गेलं की बरं, असं कुणाला होत असेल तर त्यानं क्विनाइन खात बसू नये. कुठं झोपतो आणि काय झटकतो ते आधी बघावं. आणि घरातल्या बाईला विचारावं.

माझी छाती अजून पहिल्यासारखी नाही. चढावर थांबतो. थांबलो की सृष्टी बघत उभा आहे असं दाखवतो.

चिमी

माळा पुरता वाळेपर्यंत डॉक्टरनं दवाखान्यातच ठेवलं, चैत्रात मी घरी आलो. पडवीत अंथरूण. सुनेनं स्वतः घातलं, आणि माझ्या पाया पडली. मी तिला म्हणालो, तू दंड ओढलास ते बरोबर केलंस. तिनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, झालं, मिटलं.

पण चिमी येईना. मी हात पुढं केला की ती चार हातांवर थांबायची आणि मलाच बजावायची, "आबा, लांब." माझाच आवाज, माझाच धाक. डॉक्टरनं मला सांगितलं होतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं. सून तिला ढकलायची, जा गं, आता आबा बरे आहेत. ती आईच्या लुगड्यामागं जायची. मी गूळ दाखवला. ती म्हणाली, तिथं ठेव. मी ठेवला आणि मागं सरकलो, मग तिनं उचलला.

ह्याचं मला दुखण्याहून वाईट वाटलं. चिमीच्या आजीला एकदा म्हणालो, पोरगी गेली माझी. ती म्हणाली, "तुमी हाका मारू नका. तुमाला कुणी हाका मारल्या तर तुमी जाता का? तुमचीच नात हाय ती."

मी हाका बंद केल्या. रोज दुपारी अंगणात सावलीला बसून दोर वळायचो. तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहायचो.

वैशाखात करवंदं पिकली. एका दुपारी सगळे शेतावर, घरात आम्ही दोघंच. ती परसातून लंगडत आली. हाताला, तोंडाला करवंदाचा काळा रस, डोळ्यांत पाणी, पण रडत नव्हती. चार हातांवर उभी राहिली. मी दोर वळत राहिलो. ती खाली बसली आणि बसल्या बसल्या सरकत सरकत आली, जवळ आली, आणि आपला उजवा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"काढ," म्हणाली.

करवंदीचा काटा होता, खोल गेलेला. काढायला वेळ लागला. तिनं ओठ दाबून धरले होते. काटा निघाला. मी तो तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो निरखून बघितला आणि फेकून दिला.

पाय मात्र उचलला नाही. मीही उचल म्हणालो नाही.